पाणी सुटण्याची वेळ बायकांनी ठरवावी

सोलापुरात हंडामोर्चा नवा नाही. उन्हाळा लागला की कुठल्या ना कुठल्या वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीत येतात. साहेब भेटतात, निवेदन घेतात. दोन दिवस टँकर येतो, एखादा वॉल्व्ह नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडा राहतो आणि आठवड्याभरात सगळं मूळ पदावर येतं.

मोर्चा काढू नये असं कुणी म्हणत असेल तर ते चुकीचं आहे. गोरेगावच्या बायका रस्त्यावर आल्या नसत्या तर मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’ झाल्या नसत्या. पण मोर्चाने दार उघडतं, पुढचं काम वेगळं असतं, आणि सोलापूरच्या वस्त्यांमध्ये ते पुढचं कामच बहुतेक वेळा होत नाही. पाणी एकूण किती द्यायचं हे धरणातला साठा, पंप आणि महापालिकेची तिजोरी ठरवते. ते कोणत्या वारी, किती वाजता आणि किती वेळ सुटावं, यात मात्र त्या गल्लीतल्या बायकांचा शब्द शेवटचा असला पाहिजे. आणि गल्लीत झालेल्या जलवाहिनीच्या, ड्रेनेजच्या, शौचालयाच्या कामाचं बिल त्यांच्या सहीशिवाय निघता कामा नये. ही मागणी मोठी वाटेल, पण तिच्यामागचा हिशेब साधा आहे.

शहरी पाणीपुरवठ्याचं मानक माणशी रोज १३५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला रोज ६७५ लिटर लागतील. पाणी पाच दिवसांनी येत असेल तर एका वेळी ३,३७५ लिटर भरून ठेवावं लागेल, म्हणजे २०० लिटरचे सतरा बॅरल. एका बॅरलला दोन फूट बाय दोन फूट जागा लागते. सतरा बॅरलना ६८ चौरस फूट झाली. दहा बाय बाराची खोली असेल तर निम्म्याहून अधिक खोली पाण्यालाच द्यावी लागेल. असे सतरा बॅरल कुणाच्याच घरात नसतात. तीन असतात, फार तर चार, शिवाय घागरी, कळशा, पातेली. चार बॅरल म्हणजे ८०० लिटर, म्हणजे पाच दिवसांसाठी माणशी रोज ३२ लिटर. मुख्य जलवाहिनीत कितीही पाणी असलं तरी अंतर जास्त असेल तर गरीब घराला त्याचा उपयोग होत नाही, कारण साठवायला जागाच नाही. बंगल्याखाली हौद असतो, गच्चीवर टाकी असते. तिथे पाच दिवसांनी आलेलं पाणी पाच दिवस पुरतं. एकच वेळापत्रक दोन घरांना दोन वेगवेगळ्या प्रमाणात पाणी देतं.

वेळेचा हिशेब तर याहून कडू आहे. पूर्व भागात आणि हद्दवाढ भागातल्या वस्त्यांमध्ये हजारो बायका घरी विड्या वळतात. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, पान भिजवायचं, कापायचं, हजार विड्या वळायच्या आणि ठरल्या वेळेत नेऊन द्यायच्या. मजुरी हजारावर मिळते. रात्री एक वाजता पाणी सुटलं तर तीन वाजेपर्यंत भरणं चालतं, सकाळी डोळे आणि बोटं दोन्ही जड होतात. विड्या कमी भरतात आणि कारखान्यात नापास होणाऱ्या विड्या वाढतात. दुपारी अकराला सुटलं तर माल देण्याची वेळ चुकते. मग एक तर बाई मजुरी सोडते, नाही तर घरातली मुलगी शाळा सोडून नळापाशी उभी राहते. पाणीपट्टीच्या बिलात हा खर्च कुठे दिसत नाही, म्हणून तो कुणी धरतही नाही. गारमेंटच्या कारखान्यात जाणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचीही हीच अडचण, फक्त तिचे तास वेगळे.

म्हणूनच वेळ ही तांत्रिक बाब आहे असं म्हणून ती अभियंत्यावर सोपवता येत नाही. तांत्रिक भाग आहे, तो मान्य आहे. उंच टाकी ठरावीक वेळात भरते, तिच्यावरचे सगळे वॉल्व्ह एकदम उघडता येत नाहीत, चावीवाल्याला एकामागून एक फिरावं लागतं. पण एका टाकीवर बारा वॉल्व्ह असतील तर कुणाला पहाटे आणि कुणाला मध्यरात्री हे पंप ठरवत नाही, माणूस ठरवतो. अभियंत्याने टाकीच्या भरण्याप्रमाणे वेळांचे तुकडे पाडून द्यावेत आणि कुठला तुकडा कुणाला, हे बारा गल्ल्यांच्या बायकांनी एकत्र बसून ठरवावं. रात्रीची पाळी कुणाला तरी येणारच. ती फिरती ठेवावी, दर महिन्याला बदलावी. आज होतं ते उलट: ज्या गल्लीचा आवाज नाही, तिच्या वाट्याला मध्यरात्र कायमची.

बायकांनी हे काम अंगावर घ्यायचं तर सुरुवात सभेने करू नये, मोजणीने करावी. समितीचं क्षेत्र प्रभागाप्रमाणे नको आणि वस्तीच्या नावाप्रमाणेही नको. एका वॉल्व्हवर जेवढी घरं आहेत तेवढंच घ्यावं. साधारण चाळीस ते साठ घरं. यामागे कारण आहे. एका वॉल्व्हवरच्या घरांचं नफानुकसान एकत्र असतं. प्रभागाची समिती केली की पहिल्याच बैठकीत दोन वॉल्व्हच्या बायका एकमेकींशी भांडतात आणि अधिकारी घरी जायला मोकळा होतो. कुठल्या वॉल्व्हवर कुठली गल्ली, हे कार्यालयातल्या नकाशापेक्षा चावीवाल्याला नीट माहीत असतं. त्याला सोबत घेऊन चालत जावं आणि वहीच्या पानावर रेघा मारून घ्याव्यात.

मग तीन नळ निवडायचे: वॉल्व्हजवळचा पहिला, मधला आणि गल्लीच्या टोकाचा. १५ लिटरची एकच बादली तिन्हीकडे वापरायची. पाणी सुटल्यावर अर्ध्या तासाने ती भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजायचं. वहीत सहा रकाने पुरतात: तारीख, पाणी सुटल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, बादलीचे सेकंद, रंग किंवा वास, मोजणारीचं नाव. वाचता न येणारी बाईसुद्धा आकडा लावू शकते, आणि पूर्व भागात जिथे घरात तेलुगू बोलतात आणि नोटिसा मराठीत येतात तिथे आकड्याची वही सगळ्यांनाच सोयीची. पाण्याच्या दहा खेपा अशा नोंदवल्या की चित्र उभं राहतं.

समजा पहिल्या नळावर बादली ४० सेकंदांत भरते आणि टोकाला चार मिनिटं लागतात. पहिल्या घराला दोन तासांत २,७०० लिटर मिळू शकतं, टोकाच्या घराला ४५०. पाच माणसं, पाच दिवस: माणशी रोज १८ लिटर. ‘आम्हाला पाणी कमी येतं’ या वाक्यावर ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळतं. ‘आमच्या टोकाला माणशी १८ लिटर येतं, ही दहा खेपांची नोंद’ यावर ‘बघतो’ म्हणून भागत नाही, कारण समोरच्या अभियंत्याला तो आकडा नीट कळतो.

आता अवघड भाग. टोकाला पाणी कमी पोचतं त्याचं एक मोठं कारण गल्लीतच असतं: नळाला थेट जोडलेली मोटर. वरच्या अंगाच्या चार घरांनी टिल्लू लावला की वाहिनीतलं पाणी तिथेच ओढलं जातं, पुढे नुसती हवा फुसफुसते. मग पुढचाही मोटर घेतो, कारण त्याला इलाज नसतो. मोटरवाल्याला चोर ठरवून हा प्रश्न सुटत नाही, आणि महापालिकेच्या पथकाने धाड घालून दोन मोटरी जप्त केल्या तर गल्लीत कायमचं वैर होतं. पाण्याच्या वेळेत वीज बंद करण्याचा उपायही सुचवला जातो. तो मात्र रात्रीच्या पाळीत बायकांनाच अंधारात भरायला लावणारा आहे.

समितीने एक प्रयोग करावा. एका खेपेला सगळ्यांनी मोटरी बंद ठेवायच्या, फक्त एका खेपेला, आणि तिन्ही नळांवर पुन्हा बादली मोजायची. टोकाचे चार मिनिटांचे दीड मिनिट झाले तर दोष मोटरींचा आहे आणि गल्लीनेच तो सोडवायचा आहे: आधी अर्धा तास टोकाच्या घरांसाठी मोटरबंद, असा करार बहुतेकांना पटतो, कारण फरक सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. मोटरी बंद असूनही टोकाला फरक पडला नाही तर दोष वाहिनीत आहे. व्यास कमी, चढ, गंजून आत बसलेला थर किंवा मध्ये गळती. तो दोष महापालिकेने दुरुस्त करायचा. ही एका सकाळची चाचणी भांडण आणि मागणी वेगवेगळी करते. बाहेरचं पथक ती करू शकत नाही, कारण साठ घरांना एका वेळी मोटर बंद ठेवायला सांगून ते पाळून घेण्याची ताकद फक्त त्या गल्लीतल्या बायकांत असते.

शुद्धतेचंही असंच आहे. पाणी चार-पाच दिवस बंद असलं की वाहिनी रिकामी पडते आणि जिथे जोड ढिला किंवा पाइप गंजलेला असतो तिथून गटाराचं पाणी आत शिरतं. वस्त्यांमध्ये घरगुती नळाच्या जोडण्या अनेकदा गटारातूनच गेलेल्या असतात. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ येतात ती यामुळे. तेवढं पाणी सोडून द्या, असं सांगणं सोपं आहे. ज्या घराला एकूण ४५० लिटर मिळतं तिथे ते कुणी सोडत नाही. टोकाच्या नळावर क्लोरीन तपासावं, ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. शून्य आलं तर वाहिनीत काहीतरी शिरतंय अशी शंका घ्यायला जागा आहे. जंतू तपासायच्या एचटूएस बाटलीत नमुना घेऊन ठेवला आणि एक-दोन दिवसांत तो काळा पडला, तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो, बॅरल रिकामे करून घासायला सांगतो, आणि ते बरोबरच आहे. डासाची अंडी बॅरलच्या काठाला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. पण पुढचं पाणी कधी येईल याची खात्री नसेल तर शेवटचा अर्धा बॅरल कोण ओतून देईल? वेळापत्रक पक्कं झालं तर डेंग्यू रोखण्याचं निम्मं काम आपोआप होतं.

‘पाणीच कमी आहे, वेळापत्रक काय करणार’ हा आक्षेप हमखास येतो. सोलापूरला उजनी, टाकळीची भीमा आणि हिप्परगा तलाव असं तीन ठिकाणचं पाणी आहे. त्यात उजनीवरून ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी रोज १७ कोटी लिटर पाण्याच्या हिशेबाने आखली गेली. २०११ च्या जनगणनेची साडेनऊ लाख लोकसंख्या धरली तर नुसत्या त्या एका वाहिनीचं कागदावरचं पाणी माणशी १७८ लिटरच्या घरात जातं. लोकसंख्या तेव्हापासून वाढली, गळतीही आहे, तरी एवढं कळतं की शहरात येणारं पाणी आणि टोकाच्या नळाला येणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९२ च्या हद्दवाढीने शहर सुमारे १७८ चौरस किलोमीटरवर पसरलं. वाटपाची शिस्त बसल्याशिवाय पाणी वाढलं तर पहिल्या घराचा हौद आधी ओसंडेल.

दुसरा आक्षेप: वस्ती घोषित नाही, मग नळ कसला? मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर स्पष्ट केलं की घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ते पाणी कसं आणि किती द्यायचं याची पद्धत महापालिका ठरवू शकते. हे निकालपत्र अर्जाला जोडावं.

कार्यालयाचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं की सगळी मोजणी वाया जाते. एका अर्जात एकच मागणी ठेवावी. पाणी, गटार, दिवे, रस्ता असे चार विषय एका निवेदनात लिहिले की ते चार खात्यांच्या मध्ये पडून राहतं. अर्ज विभागीय कार्यालयात द्यावा, प्रत सार्वजनिक आरोग्य अभियंत्याकडे द्यावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. माहिती अधिकारात १० रुपयांत, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फुकट, आपल्या गल्लीतल्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागता येते. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवावा. नव्या नळजोडणीसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात मुदत ठरलेली असते आणि अपील करता येतं.

सही लागते ती इथे. मोजमाप पुस्तिकेत लिहिलेलं असतं: इतक्या व्यासाचा पाइप, इतके मीटर, इतकी खोली. चर बुजवल्यावर यातलं काहीही तपासता येत नाही. चर उघडी असताना दोन बायकांनी टेप धरून खोली मोजली, पाइपवर छापलेला व्यास वाचला आणि फोटो काढला, तर पुस्तिकेतला आकडा आणि जमिनीतला पाइप जुळतो की नाही ते कळतं. कंत्राटदार रविवारी किंवा रात्री चर बुजवायला बघत असेल तर तोच इशारा समजावा. ‘काम पूर्ण झालं’ या दाखल्यावर समितीची सही सक्तीची करायला कुठलीही कोटींची योजना लागत नाही.

मात्र सहीचा अधिकार देताना एक खोड मोडली पाहिजे. बायकांचा सहभाग म्हटलं की प्रशासनाच्या मनात बायकांची फुकट मजुरी येते. सार्वजनिक शौचालय महिला समितीकडे द्यायचं, म्हणजे ते झाडायचंही त्यांनीच, अशी समजूत दिसते. सामुदायिक शौचालयात २५ बायकांमागे एक सीट हा स्वच्छ भारत अभियानाचा निकष आहे. एकीला पाच मिनिटं धरली तरी शेवटच्या बाईचा नंबर दोन तासांनी लागतो. सीट कमी, दाराला कडी नाही, टाकी तुंबलेली, आत दिवा नाही, तर बायकांच्या समितीला दोष द्यायचा कसा? पुण्यात १९९९ नंतर सामुदायिक शौचालयं बांधली गेली तेव्हा महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेच्या बायका आराखडा ठरवण्यात होत्या, म्हणून बायकांची रांग वेगळी झाली आणि लहान मुलांसाठी वेगळी बैठी सोय झाली. बायकांची गरज त्या ठरवण्याच्या जागी आहे. झाडायला पगारी माणूस हवा, टाकी उपसायला यंत्र हवं. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे. नोंदी ठेवणाऱ्या आणि चर मोजणाऱ्या बायकांना त्या वेळेचं मानधन मिळालं पाहिजे. महिला व बालकल्याणासाठी महापालिकेने अंदाजपत्रकात ५ टक्के राखायचे असतात, त्यातून हे सहज भागेल. शिलाई मशीन वाटण्यापेक्षा तो खर्च अधिक कामाचा आहे.

हे काम बचत गटावरच का टाकू नये? दहा-वीस जणींचा तयार गट आहे, वही आहे, अध्यक्ष आहे. पण बचत गटात कर्जाचे हप्ते असतात. ज्या बाईचा हप्ता थकला ती बैठकीला यायचं टाळते, आणि तिचंच घर बऱ्याचदा गल्लीच्या टोकाला असतं. पाण्याच्या समितीत प्रत्येक घराची एक बाई हवी, ती गटात असो वा नसो, भाडेकरू असो वा मालकीण. मीटिंगमध्ये नवरा किंवा दीर उठून बोलायला लागला की बायका गप्प होतात, म्हणून बोलणारी बाईच असावी असा नियम पहिल्या दिवशीच करावा.

सोलापूरच्या बायकांना एवढं मोठं काम झेपेल का, ही शंका या शहरात तरी कुणी घेऊ नये. कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं २००६ मध्ये उभी राहिली. रे नगरची योजना तीस हजार घरांची आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या दिल्या गेल्या. कामगार नेते नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेच्या नेतृत्वाची चर्चा होते ती योग्यच, पण त्याखाली एक दुर्लक्षित गोष्ट आहे: कोण कामगार आहे, कुठल्या कारखान्याची आहे, तिचं ओळखपत्र आहे का, तिने तिचा वाटा भरला का, याची हजारो नावांची नोंद वर्षानुवर्षं टिकवली गेली. मोर्चे सगळ्यांनी पाहिले. सरकारपुढे टिकण्यात त्या याद्यांचा वाटाही मोठा होता.

महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर सुमारे चार वर्षं प्रशासकाचा कारभार राहिला. त्या काळात वस्तीतल्या बाईला विचारायला नगरसेवकही नव्हता. १०२ जागांच्या सभागृहात निम्म्या जागा महिलांच्या आहेत, पण निम्म्या खुर्च्यांवर बायका बसल्या म्हणून टोकाच्या नळाची बादली लवकर भरत नाही. क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद महापालिका अधिनियमात २००९ पासून आहे. प्रत्येक नगरसेविकेने आपल्या प्रभागात ती बोलवावी आणि पहिल्याच सभेत तीन गोष्टी करून घ्याव्यात: प्रत्येक वॉल्व्हपाशी वार आणि वेळेची पाटी, ती वेळ चुकली तर कुणाला फोन करायचा तो क्रमांक आणि त्या वॉल्व्हच्या समितीची यादी. समिती दर वर्षी बदलावी, निम्म्या बायका टोकाच्या घरांतल्या असाव्यात, आणि नोंदवही वॉल्व्हजवळच्या नव्हे, शेवटच्या नळाच्या घरी ठेवावी. पाणी कमी झालेलं आधी तिथे कळतं, आणि त्या बाईला नोंद चुकवून काहीच मिळत नाही.